आधी पाऊस, मग उंची, तारीख सगळ्यात शेवटी: वाळवंटातली वसंतफुलं शोधणं आणि टिपणं

कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात वसंतात फुलं बघायला गेलेले बरेच जण हात हलवत परत येतात. चूक बहुधा एकच असते. सुट्टी आधी ठरते, मग हॉटेल ठरतं, मग कुठल्या तरी जुन्या फोटोवरून जागा ठरते आणि फुलं असतील की नाही हा प्रश्न गाडीतून उतरल्यावर पडतो. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. हिवाळ्यात पाऊस कुठे पडला ते आधी बघायचं, त्यावरून किती उंचीवर जायचं ते ठरवायचं, मग ताजी खबर काढायची आणि तारीख शेवटी पक्की करायची. फोटोंच्या बाबतीतही क्रम असाच चुकतो. उजेड चांगला म्हणून लोक पहाटे पोचतात आणि त्या वेळी फुलं मिटलेली असतात.

खालचे टप्पे ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं घ्या. एखादा गाळलात तर त्याची किंमत पुढच्या टप्प्यावर मोजावी लागते.

टप्पा 1: हिवाळ्यातला पाऊस वाचा (ऑक्टोबर ते जानेवारी)

गालिचासारखी पसरणारी बहुतेक फुलं वर्षायू झाडांची असतात. बी रुजणं, वाढणं, फुलणं, बी धरणं आणि वाळून जाणं, सगळं काही महिन्यांत उरकतं. त्यांचं बी वाळूत वर्षानुवर्षं थांबू शकतं. बियांवर अंकुर दाबून ठेवणारं एक रासायनिक आवरण असतं आणि ते धुऊन निघायला एका दमात साधारण अर्धा इंच, म्हणजे 12-13 मिलिमीटर, पाऊस लागतो. शिंतोडे पडून गेले तर बी जागं होत नाही, आणि त्यात त्याचंच भलं आहे. तेवढ्या ओलीवर अंकुर फुटला तर तो आठवड्याभरात करपून जाईल.

म्हणून पावसाचा एकूण आकडा बघून भुलू नका. तीन गोष्टी बघा:

- शरद ऋतूत किंवा हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा तरी जमीन नीट भिजली का?
- त्यानंतर थोड्या-थोड्या अंतरानं पाऊस येत राहिला का? एकच मोठा झोडपा आणि मग दोन महिने कोरडे गेले, तर उगवलेली रोपं तशीच सुकतात.
- जानेवारी-फेब्रुवारीत उष्ण, कोरडे वारे सुटले का? चांगला पाऊस झालेलं वर्षसुद्धा हे वारे आठवड्याभरात संपवतात.

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत वर्षाकाठी सरासरी जेमतेम दोन इंच पाऊस पडतो. 20 ऑगस्ट 2023 ला तिथे एकाच दिवसात 2.2 इंच पडला, म्हणजे वर्षभराचा पाऊस एका दिवसात. रस्ते वाहून गेले, दरीच्या तळाशी बॅडवॉटरच्या खोलगट भागात तळं साचलं, पण पुढच्या वसंतात 2016 सारखा बहर काही आला नाही. पाऊस किती पडला याच्याइतकंच तो कधी पडला आणि कसा विभागून पडला यालाही महत्त्व आहे.

*सावधान:* ‘सुपरब्लूम’ची, म्हणजे सगळीकडे एकदम येणाऱ्या प्रचंड बहराची, वाट बघत बसू नका. डेथ व्हॅलीत तसे बहर 1998, 2005 आणि 2016 मध्ये आले, म्हणजे साधारण दहा वर्षांतून एकदा. मधल्या साध्या वर्षांतही घळींत, उतारांवर आणि रस्त्याकडेला मनासारखी फुलं सापडतात. एकेका फुलाचा फोटो हवा असेल तर मला साधं वर्षच जास्त आवडतं. गर्दी नसते आणि प्रत्येक झुडपापाशी थांबायला सवड मिळते.

टप्पा 2: उंचीवरून जागा ठरवा

वाळवंटातला वसंत खालून वर चढत जातो. सखल भाग आधी तापतो, तिथे आधी फुलं येतात. पुढचे काही आठवडे बहर डोंगराच्या अंगानं वर सरकत राहतो. डेथ व्हॅलीचा साधारण हिशोब असा:

- तळ आणि खालचे उतार: फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत
- 3000 ते 5000 फूट: एप्रिलच्या सुरुवातीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत
- 5000 फुटांच्या वर: मेच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत

जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्येही तेच. दक्षिण सीमा आणि पिंटो बेसिनचा सखल भाग फेब्रुवारीत सुरू होतो, वरचे भाग मार्च-एप्रिलमध्ये, आणि पाच हजार फुटांच्या वर जूनपर्यंत काही ना काही फुललेलं असतं. कॅलिफोर्नियातल्याच अँझा-बोरेगो उद्यानात बोरेगो स्प्रिंग्जच्या आसपासची सपाटी साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत बघण्याजोगी असते. अ‍ॅरिझोनात फिनिक्स आणि टूसॉन यांच्या मधल्या पिकाचो पीकच्या उतारांवर सोनेरी पॉपी (खसखशीच्या कुळातली रानफुलं) याच सुमारास येतात.

या हिशोबाचा खरा उपयोग तारीख हलवता येत नसेल तेव्हा होतो. सुट्टी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच मिळणार असेल तर डेथ व्हॅलीच्या तळातून जाणाऱ्या बॅडवॉटर रोडचा नाद सोडा, चार हजार फुटांवर जा. तारीख बदलता येत नसली तरी उंची बदलता येते. हे एकदा लक्षात आलं की निम्म्या सहली वाचतात.

जागा निवडताना जमिनीचा पोतही बघा. डोंगराच्या घळीतून पाण्यानं वाहून आणलेले दगड आणि वाळू घळीच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरते. बहर बहुधा त्या उतारावर असतो. अगदी तळाच्या मिठाच्या पठारावर काहीच उगवत नाही. नकाशात ‘बॅडवॉटर’ शोधून थेट मिठावर उभे राहिलेले आणि फुलं कुठेत म्हणून विचारणारे लोक मी दरवर्षी बघतो. थोडं दक्षिणेला अ‍ॅशफर्ड मिल आणि जुबिली पासच्या बाजूला उतार आहेत, शोध तिथून सुरू करा.

टप्पा 3: ताजी खबर काढा, मगच पैसे भरा

जाण्याआधी दहा दिवस आणि पुन्हा दोन दिवस आधी, असं दोनदा तपासा.

1. उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरचं फुलांचं पान बघा आणि त्याच बैठकीत रस्त्यांचं पानही बघा. ज्या पावसानं फुलं आणली त्यानंच बऱ्याचदा रस्ते तोडलेले असतात.
2. थिओडोर पेन फाउंडेशन या स्थानिक झाडांसाठी काम करणाऱ्या संस्थेची रानफुलांची हॉटलाइन वसंतात दर आठवड्याला दक्षिण कॅलिफोर्नियाचा आढावा देते. फुलांची नावं घेऊन सांगतात, त्यामुळे तो आढावा कामाचा असतो.
3. आयनॅचरलिस्टवर (लोकांनी टाकलेल्या निसर्गनोंदींचं संकेतस्थळ) जागा आणि गेल्या सात दिवसांची तारीख लावून नोंदी फिल्टर करा. तारखेचा फिल्टर विसरलात तर पाच वर्षांपूर्वीचा बहर ‘आत्ता’चा म्हणून दिसेल.
4. अँटिलोप व्हॅलीच्या पॉपी रिझर्व्हला जाणार असाल तर तिथला लाइव्ह कॅमेरा आदल्या दुपारी बघा. सकाळी बघितलात तर मिटलेल्या फुलांमुळे टेकड्या नुसत्या हिरव्या दिसतील आणि तुम्ही विनाकारण बेत रद्द कराल.

समाजमाध्यमांवरचा फोटो हा पुरावा नाही. तो कधीचा, कुठला आणि किती रंगवलेला, यातलं काहीच त्यावरून कळत नाही.

परवान्याचंही आत्ताच बघा. अ‍ॅरिझोनातलं पेरिडॉट मेसा हे पॉपींचं प्रसिद्ध ठिकाण सॅन कार्लोस अपाची जमातीच्या भूमीवर आहे आणि तिथे जायला त्यांचा परवाना आधी काढावा लागतो. ‘रस्त्यालगतच तर आहे’ ही सबब तिथे चालत नाही.

*तपासा:* हिवाळ्यातला पाऊस, उंची, ताजी खबर आणि रस्ते, ही चारही उत्तरं जुळली का? जुळली असतील तर खोली बुक करा. एक जरी जुळत नसेल तर दुसरी उंची किंवा दुसरं उद्यान बघा.

टप्पा 4: बांधाबांध

आधी पाणी. माणशी दिवसाला किमान चार लिटर धरा, शिवाय गाडीत थोडं जास्तीचं ठेवा. मार्चमधली हवा छान वाटते, घाम दिसत नाही कारण तो लगेच उडून जातो, आणि दुपारी डोकं जड झालं की मग आठवण होते. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. नकाशा आधी उतरवून घ्या, एक कागदी नकाशा सोबत असू द्या, आणि कुठे जाताय, कधी परतताय ते घरी कुणाला तरी सांगून निघा. पेट्रोल पंप एकमेकांपासून फार लांब आहेत. टाकी अर्धी झाली की भरा.

फोटोच्या सामानात एक वाइड लेन्स, एक मॅक्रो किंवा जवळून फोकस होणारी लेन्स आणि जमली तर 200 मिलिमीटरच्या आसपासची टेलिफोटो. ट्रायपॉड असा घ्या की त्याचे पाय पूर्ण फाकून कॅमेरा जमिनीलगत येईल. मधला दांडा खाली उतरत नसेल तर तो ट्रायपॉड इथे कुचकामी.

छोट्या गोष्टीच जास्त कामी येतात. गुडघ्याखाली घ्यायला फोमचा तुकडा, ऊन मऊ करायला पांढरं अर्धपारदर्शक डिफ्यूझर, धूळ उडवायला रबरी ब्लोअर, काटे काढायला चिमटा आणि कंगवा. कंगवा चोया निवडुंगासाठी. त्याचा काटेरी गोळा बुटाला किंवा हाताला चिकटला तर बोटांनी ओढू नका, बोटात शिरेल. कंगव्याचे दात आत घालून एका झटक्यात उडवा.

*सावधान:* वाळवंटात वारा असताना लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर गाडीत बसा, काचा वर करा, कॅमेरा बंद करा आणि त्याचं तोंड खाली ठेवून बदला. काचेवर वाळू दिसली तर आधी ब्लोअर, मग कापड. आधी कापड फिरवलंत तर ओरखडा कायमचा राहील.

टप्पा 5: जागेवर शोध कसा घ्यायचा

*गाडीतून.* रस्त्याची कड आधी बघा. डांबरावरून वाहून आलेलं पाणी कडेला मुरतं, त्यामुळे कडेची झाडं आजूबाजूपेक्षा लवकर आणि जास्त फुलतात. तिथे फुलं दिसली म्हणून सगळ्या पठारावर बहर आहे असं समजू नका. पण कोणत्या जाती जाग्या झाल्यात ते मात्र तिथे कळतं.

सूर्य पाठीशी ठेवून एकदा जा आणि त्याच रस्त्यानं उलटे या. पहिल्या फेरीत नुसता तपकिरी दिसलेला उतार परतताना पिवळा दिसू शकतो.

लांबून पिवळा पट्टा दिसला की लगेच हुरळून जाऊ नका. अँझा-बोरेगो परिसरात सहारा मस्टर्ड नावाचं बाहेरून आलेलं मोहरीच्या कुळातलं तण माजलंय आणि ते स्थानिक रानफुलांची जागा आणि पाणी खातं. त्याची फुलं बारीक, फिकट पिवळी, चार पाकळ्यांची, आणि झाड उंच, विस्कटलेलं. तुम्हाला हवं असलेलं डेझर्ट गोल्ड छोट्या सूर्यफुलासारखं दिसतं. उतरून शंभर पावलं चालण्याआधी दुर्बिणीतून किंवा टेलिफोटोतून खात्री करा.

*गाडी लावताना.* चाकं पूर्ण रस्त्याबाहेर हवीत, पण मऊ वाळूत नकोत. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या एक्झॉस्टनं ते पेटतं. वळणावर थांबू नका.

*पायी.* आता वेग एकदम कमी करा. कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चाला, पाण्यानं ते आधीच साफ केलेलं असतं आणि तिथे पायाखाली फारसं काही चिरडत नाही. दर वीस-पंचवीस पावलांनी थांबा आणि खाली बघा. पर्पल मॅट, डेझर्ट स्टार, बिगेलोज मंकीफ्लॉवर ही फुलं पोटावर झोपल्याशिवाय नीट दिसतच नाहीत, एवढं झाड एका तळहातात मावतं. मोठ्या दगडांची सावलीकडची बाजू आणि झुडपांचा आडोसाही बघा, तिथली ओल जास्त टिकते.

डेझर्ट लिलीसाठी फूल शोधू नका, पान शोधा. लांब, निळसर हिरवी आणि कडेला झालरीसारखी दुमडलेली पानं वाळूवर पसरलेली दिसली की आज नाही तर पुढच्या आठवड्यात तिथे दांडा येईल. डेझर्ट फाइव्हस्पॉट वरून बघितलं तर गुलाबी गोळ्यासारखं दिसतं. खाली वाकून आत डोकावलं की पाच पाकळ्यांच्या तळाशी पाच लालभडक ठिपके दिसतात. ते न बघता पुढे गेलेली माणसं बघितली की मला खरंच वाईट वाटतं.

घोस्ट फ्लॉवरपाशी थोडं थांबा. मळकट पांढऱ्या पाकळ्यांवर आतून तांबूस ठिपके असतात. या फुलात मध नसतो. शेजारी वाढणाऱ्या सँड ब्लेझिंग स्टारसारखं दिसून ते मधमाश्यांना फसवतं. एक सापडलं की दुसरं जवळपास शोधा आणि दोन्हींचा फोटो घ्या.

*सावधान:*

- फॅसिलिया, ज्याला तिथे स्कॉर्पियनवीड म्हणतात, जांभळं आणि दिसायला लोभस असतं. त्याच्या केसाळ पानाखोडाला हात लागला तर काहींच्या अंगावर खाजरे फोड उठतात. त्यात झोपून फोटो काढू नका.
- बीव्हरटेल निवडुंग वरून गुळगुळीत दिसतो, पण त्याच्या ठिपक्यांत केसांसारखे बारीक काटे असतात. बोट लावू नका.
- फुलं यायच्या सुमारासच साप बाहेर पडतात. झुडपाखाली हात घालण्याआधी आणि गुडघे टेकण्याआधी जागा नीट बघा.

टप्पा 6: पाय कुठे ठेवायचा

कॅमेरा काढायच्या आधी हे ठरवा, कारण कॅमेरा हातात आला की खालचं भान सुटतं.

या झाडांना आयुष्यात एकदाच बी धरायचं असतं. बी पडण्याआधी चिरडलेलं झाड पुढच्या बहरातूनही वजा होतं. 2019 मध्ये लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये पॉपी बघायला एवढी झुंबड उडाली की शहराला वाट बंद करावी लागली. 2023 च्या बहरात तर ती कॅन्यन लोकांसाठी उघडलीच नाही.

फुलांच्या मधोमध बसून फोटो काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. पायवाटेवरच बसा आणि कॅमेरा जमिनीलगत आणून टेलिफोटोनं काढा. पुढची आणि मागची फुलं एकत्र येतात, माणूस फुलांत बसल्यासारखा दिसतो आणि एकही झाड मोडत नाही.

काही ठिकाणी जमिनीवर काळपट, खरबरीत, भाजलेल्या पापुद्र्यासारखा थर दिसतो. ते जिवंत आहे. सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफूल मिळून झालेला तो थर वाळू धरून ठेवतो. एका पावलानं तुटलेला थर परत धरायला कित्येक वर्षं जातात.

फूल तोडणं उद्यानांत बेकायदा आहे, मागे आड येणारी काडी मोडणंही त्यातच आलं. काडी हलकेच वाकवून धरा आणि फोटो झाल्यावर सोडा. नॅशनल पार्कमध्ये ड्रोन उडवायलाही बंदी आहे.

टप्पा 7: फुलांच्या घड्याळानं चला

सगळ्यात जास्त दिवस वाया जातात ते इथे. फोटोग्राफीच्या पुस्तकी नियमानं सूर्योदयाचा तास उत्तम. मीही एकदा काळोखात उठून, थंडीत दोन तास गाडी चालवून पॉपींच्या टेकडीवर पोचलो होतो. उजेड अप्रतिम होता आणि समोर हजारो मिटलेल्या कळ्या. नऊ वाजेपर्यंत कुडकुडत बसलो.

पॉपी ऊन आणि ऊब मिळाल्यावर उघडतात, साधारण नऊ-दहाच्या सुमारास, आणि दुपार कलली की मिटायला लागतात. ढगाळ किंवा फार गार, वाऱ्याच्या दिवशी त्या दिवसभर मिटूनही राहतात. वाळूच्या टेकड्यांवरच्या ड्यून इव्हनिंग प्रिमरोजचं बरोबर उलटं आहे. ती मोठी पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, रात्रभर पतंगांची वाट बघतात आणि सकाळी ऊन तापलं की मलूल होऊन गुलाबट पडतात.

म्हणून दिवस असा लावा:

1. उजाडल्यापासून साधारण साडेआठपर्यंत वाळूवर जा. इव्हनिंग प्रिमरोज अजून उमललेली असते, शेजारी जांभळट गुलाबी सँड व्हर्बिना असते, ऊन तिरपं असतं आणि वारा बहुधा पडलेला असतो. बारीक फुलांचं मॅक्रो कामही याच वेळात उरका.
2. नऊ ते बारा हा वेळ पॉपी आणि मोकळ्या उतारांचा.
3. दुपारी टळटळीत ऊन आणि वारा असतो. जेवा, झोपा, संध्याकाळची जागा हेरून ठेवा. घळीच्या सावलीत फुलं असतील तर तिथे काम चालू ठेवता येतं.
4. तीन-साडेतीननंतर उतरत्या उन्हात डेझर्ट गोल्ड आणि ब्रिटलबुशची पिवळी झुडपं घ्या, मागून ऊन येईल अशा बेतानं.
5. सूर्य मावळताना परत वाळूवर या. प्रिमरोज उमलायला लागलेली असेल.

*तपासा:* मार्चच्या दुसऱ्या रविवारी कॅलिफोर्नियात घड्याळ एक तास पुढे जातं, अ‍ॅरिझोनात मात्र बहुतेक ठिकाणी जात नाही. त्याच आठवड्यात दोन्हीकडे फिरणार असाल तर सूर्योदयाची वेळ त्या-त्या जागेची बघा.

टप्पा 8: फोटो, याच क्रमानं

आधी हात खिशात ठेवून जागेभोवती एक फेरी मारा. पहिल्या दिसलेल्या फुलावरच लोक अर्धा तास घालवतात आणि शेवटी कळतं की त्याला एक पाकळी कमी आहे. ताजं, न कुरतडलेलं फूल निवडा. बहराच्या वर्षी व्हाइट-लाइन्ड स्फिंक्सच्या जाडजूड अळ्या झाडंच्या झाडं फस्त करतात, त्यामुळे निवड करावीच लागते. अळी दिसली तर तिचाही फोटो घ्या. पुढे तिचाच पतंग होऊन प्रिमरोजवर येतो.

8अ. विस्तीर्ण दृश्य. कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणा. उभ्यानं काढलेल्या फोटोत फुलांमधली उघडी वाळूच जास्त दिसते. खाली आलात की तीच फुलं एकमेकांमागे दाटून उभी राहतात.

पुढचं फूल आणि मागचा डोंगर दोन्ही रेखीव हवे असतात आणि इथे हिशोब चुकतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 24 मिलिमीटर लेन्स, f/11 (हे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान), फोकस पावणेदोन मीटरवर ठेवला तर साधारण 90 सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पण तुमचं फूल लेन्सपासून 30 सेंटिमीटरवर असेल तर f/22 करूनही भागत नाही, उलट सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. ट्रायपॉडवर दोन-तीन फोटो काढा, एक फुलावर, एक मधे, एक डोंगरावर फोकस करून, आणि घरी जोडा. वारा असेल तर जोडायचा विचार सोडून द्या, फूल रेखीव ठेवा आणि डोंगर थोडा धूसर राहू द्या.

पोलरायझर फिल्टरनं पानांवरची चकाकी जाते आणि रंग खुलतात. फार वाइड लेन्सवर मात्र आकाश एका बाजूला गडद, एका बाजूला फिकट पडतं. तसं दिसलं तर पोलरायझर अर्धवट फिरवा किंवा काढून टाका.

8आ. एकेक फूल. पार्श्वभूमी आधी, फूल नंतर. फुलामागे सावलीतला दगड किंवा दूरचा उतार येईपर्यंत इंच-इंच सरका. उन्हात चमकणारी एक काडी सगळा फोटो खाते.

ऊन थेट डोक्यावर असेल तर फूल आणि सूर्य यांच्यामध्ये डिफ्यूझर धरा, तो फ्रेमच्या जितका जवळ तितका उजेड मऊ. नुसत्या शरीराच्या सावलीनंही भागतं. फक्त पार्श्वभूमीवरही सावली पडेल असं बघा, नाहीतर फूल काळं आणि मागचं पांढरंफटक होईल.

कॅमेऱ्याचा सेन्सर फुलाच्या पातळीला समांतर ठेवा. इतक्या जवळून f/8 ला काही मिलिमीटरच रेखीव येतात, तिरपे राहिलात तर अर्धी पाकळी गेली. वाऱ्याची झुळूक असेल तर शटर 1/500 सेकंदापेक्षा मंद नको. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 800 किंवा 1600 करायला कचरू नका. दाणे घरी कमी करता येतात, हललेलं फूल स्थिर करता येत नाही. सलग पाच-सहा फोटो घ्या. दोन झुळकांच्या मधे क्षणभर फूल थांबतं, ते पकडा.

*सावधान:* पिवळ्या आणि केशरी फुलांत नेहमीचा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) फसवतो. एकूण आलेख ठीक दिसत असतो आणि लाल चॅनल मात्र उजव्या भिंतीला टेकलेला असतो, म्हणून पाकळी सपाट, रंगाचा थापा मारल्यासारखी दिसते. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि गरजेप्रमाणे एक्स्पोजर 1/3 ते 2/3 स्टॉप खाली घ्या. फ्रेमभर पांढरी प्रिमरोज असेल तर याच्या उलट. कॅमेरा तिला करडी करतो, तेव्हा थोडं वर घ्या, पाकळीवरच्या शिरा दिसत राहतील एवढंच. शक्य तिथे रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) काढा.

8इ. फोनवर. बहुतेक फोनांत मॅक्रो मोड वाइड लेन्सवर चालतो. त्यासाठी इतकं जवळ जावं लागतं की फोनचीच सावली फुलावर पडते. मागे सरका, 2x करा, फुलावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा आणि उजेड थोडा कमी करा. जमिनीलगतचा फोटो हवा असेल तर फोन उलटा धरा, लेन्स खाली येते. लेन्स पुसायला विसरू नका, धुळीचा पापुद्रा फोनवर दिसत नाही पण उन्हात सगळा फोटो दुधाळ करतो.

8ई. उठण्याआधी. पडद्यावर फोटो मोठा करून रेखीवपणा तपासा. मग ओळख पटवण्यासाठी आणखी तीन साधे फोटो काढा: फूल बाजूनं, पान जवळून आणि पूर्ण झाड. पिवळ्या डेझीसारख्या फुलांच्या कितीतरी जाती इथे आहेत आणि नुसत्या समोरून काढलेल्या फुलावरून तज्ज्ञही खात्रीनं नाव सांगत नाहीत.

टप्पा 9: परतल्यावर

फोटो टाकताना नेमकी जागा उघड करू नका, निदान बहर चालू असेपर्यंत. उद्यानाचं नाव पुरेसं आहे. आयनॅचरलिस्टवर नोंद जरूर करा, दुर्मिळ किंवा नाजूक जागा असेल तर स्थान अस्पष्ट ठेवायची सोय तिथे आहे. संपादन करताना पिवळा आणि जांभळा ओढून वाढवू नका. त्या भडक फोटोंवर विसंबून पुढच्या वर्षी कुणीतरी नसलेला गालिचा शोधत येतं.

बुटांचे तळ, पँटचे काठ आणि ट्रायपॉडचे पाय तिथेच झटका, गाडीत बसण्याआधी. सहारा मस्टर्डचं बी ओलं झालं की चिकट होतं आणि अशाच वाटांनी पुढच्या घळीत पोचतं.

मग एका वहीत चार ओळी लिहून ठेवा: तारीख, उंची, फुललेल्या जाती, आणि त्या हिवाळ्यातला पहिला भिजपाऊस केव्हा पडला होता. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी जमल्या की पुढच्या ऑक्टोबरातल्या पहिल्या पावसाला तुमचं गणित तुम्हीच मांडू शकाल.